मिनिएचरवरचं बारीक काम: तयारीपासून वार्निशपर्यंत, क्रमाने

वॉरगेमिंगची, म्हणजे टेबलावर खेळायच्या युद्धखेळांची, मिनिएचर्स (छोट्या मूर्ती) रंगवणारे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: डोळे, कडा, नक्षी जमत नाही, तर सगळ्यात बारीक ब्रश कोणता घ्यायचा? या प्रश्नामुळेच माणूस चुकीच्या दिशेला लागतो. बारीक काम बिघडतं ते बहुतेक वेळा तीन कारणांनी. रंग हवा तेवढा पातळ नसतो, ब्रशवर गरजेपेक्षा जास्त रंग असतो, किंवा आधी करायचं काम नंतर केलेलं असतं. हात थरथरणं हे कारण या तिन्हींच्या नंतर येतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. केसाइतकी बारीक रेघ एका फटक्यात मारायची नसते. ती आधी थोडी जाड मारायची आणि मग शेजारच्या रंगाने दोन्ही बाजूंनी कापत बारीक करायची. उत्तम रंगवलेल्या मूर्तीवरची जवळजवळ प्रत्येक नाजूक रेघ अशीच तयार झालेली असते.

## १. मूर्ती साफ करणं

साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे प्रत्येक मूर्तीवर एक उंच रेघ राहते, तिला मोल्ड लाइन म्हणतात. कच्च्या प्लॅस्टिकवर ती सहज दिसत नाही. रंगाच्या कडा उजळायला घेतल्या की मात्र पाठीवरून किंवा गालावरून गेलेली ही रेघ सगळ्यात आधी डोळ्यात भरते, आणि तेव्हा काही करता येत नाही. मूर्ती दिव्याखाली तिरकी धरा आणि रेघ शोधा. प्लॅस्टिकवर हॉबी नाइफच्या पात्याची धार न वापरता पाठ वापरा आणि हलक्या हाताने खरवडा. धातूच्या मूर्तीला बारीक कानस लागते. रेझिनला बारीक सँडपेपर पुरतो, पण तो ओला करूनच वापरा.

सावधान: रेझिनची कोरडी धूळ श्वासात जाऊ देऊ नका. ओलं घासा आणि मास्क लावा. जुन्या धातूच्या मूर्तींत शिसं असू शकतं, म्हणून त्या हाताळल्यावर हात धुवा.

साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य रेझिनवर हमखास आणि धातूवर बऱ्याचदा शिल्लक असतं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन धुवा आणि पूर्ण वाळू द्या. पाणी कोमटच हवं, कारण गरम पाण्यात रेझिनची तलवार किंवा भाला वाकतो.

आता ठरवा की मूर्ती पूर्ण जोडून रंगवायची की भागांत. माझा नियम असा: जी जागा जोडल्यावर दिसते, पण तिथे ब्रश पोचत नाही, तेवढाच भाग वेगळा ठेवायचा. छातीसमोर धरलेली ढाल वेगळी ठेवावी. ढालीमागचा पोटाचा भाग कोणत्याच बाजूने दिसत नसेल तर सरळ चिकटवून टाकावी. वेगळे ठेवलेल्या भागांच्या चिकटवायच्या जागा मास्किंग टेपने किंवा पोस्टर चिकटवायच्या पुट्टीने झाका. प्लॅस्टिक सिमेंट प्लॅस्टिक वितळवून जोडतं, त्यामुळे मध्ये रंग असेल तर सांधा धरत नाही.

## २. प्रायमर

प्रायमरचं काम रंगाला पकड देणं एवढंच आहे. मूर्ती झाकून टाकण्याइतका जाड थर लागत नाही. बारीक कामासाठी मी करडा प्रायमर सुचवतो, किंवा आधी सगळीकडे काळा आणि मग वरून साधारण ४५ अंशांच्या कोनातून पांढरा किंवा फिकट करडा. या दुसऱ्या पद्धतीला झेनिथल म्हणतात. तिचा खरा फायदा असा की डोळ्यांच्या खोबण्या, पट्ट्यांची बक्कलं, बोटांमधल्या फटी रंग लागण्याआधीच स्पष्ट दिसतात, आणि प्रकाश कुठे पडायला हवा याचा नकाशा मूर्तीवरच तयार होतो.

डबा दोन मिनिटं हलवा. मूर्तीपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटरवर धरा. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करा, मूर्तीवरून न्या आणि बाहेर गेल्यावरच बंद करा. असे छोटे फटके मारा आणि मध्ये थांबा. फार जवळून मारलं तर बारकावे बुजतात. फार लांबून किंवा कडक उन्हात मारलं तर रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दमट हवेत फवारणी पुढे ढकललेली बरी.

तपासणी: भिंगातून चेहरा बघा. पापण्यांच्या कडा दिसतात का? ओठांमधली फट दिसते का? दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, प्रायमर काढून पुन्हा सुरुवात करा. बुजलेल्या डोळ्यावर कोणतंही कौशल्य चालत नाही. मात्र प्रायमर काढायला अॅसिटोन प्लॅस्टिकवर कधीही वापरू नका. मूर्तीच विरघळेल.

## ३. प्रकाश आणि हाताचा आधार

दिवा ५००० ते ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा, आणि ९० पेक्षा जास्त सीआरआयचा घ्या. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप. सीआरआय कमी असला तर जवळच्या दोन छटा एकसारख्या दिसतात आणि थरांमधला फरक कळत नाही. उजव्या हाताने रंगवत असाल तर दिवा डावीकडे वर ठेवा, म्हणजे ब्रशची सावली कामावर पडत नाही. डोक्यावर बांधायचं भिंग घ्यायचं तर दोन ते अडीच पट पुरे. जास्त शक्तीच्या भिंगात मूर्ती नाकाला चिकटवावी लागते, आणि थोडी हलली तरी धूसर होते.

मूर्ती बोटांत धरून रंगवू नका. एखाद्या जाड बुचावर किंवा रिकाम्या बाटलीवर ती पुट्टीने बसवा. मग दोन्ही कोपरं टेबलावर टेका, दोन्ही तळहातांचे मनगटाजवळचे भाग एकमेकांना लावा, आणि ब्रशच्या हाताची करंगळी मूर्तीखालच्या बुचावर किंवा बाटलीवर टेकवा. असं केलं की दोन्ही हात एकत्र हलतात. हात थरथरले तरी ब्रश आणि मूर्ती यांच्यातलं अंतर फारसं बदलत नाही. हात स्थिर करण्याचा यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

रेघ नेहमी आपल्याकडे ओढा. ब्रश पुढे ढकलला की केस पसरतात. रेघेची दिशा अवघड असेल तर मूर्ती फिरवा, उलटी धरा. मनगट वाकवत बसू नका.

## ४. ब्रश

शून्य-शून्य-शून्य नंबरचा ब्रश बहुतेक जण पहिल्यांदा विकत घेतात, आणि तोच त्यांना सतावतो. त्यात रंग मावतो जेमतेम एक टिपका. मूर्तीपर्यंत नेईपर्यंत तो टोकावरच वाळतो आणि रेघ तुटते. त्यापेक्षा १ नंबरचा किंवा ० नंबरचा, पण टोकदार ब्रश घ्या. रेघेची जाडी टोक ठरवतं. केसांचं भरलेलं पोट त्या टोकाला ओला रंग पुरवत राहतं.

कोलिन्स्की सेबल या प्राण्याचे केस यासाठी उत्तम. विन्सर अँड न्यूटन सीरिज ७ आणि राफाएल ८४०४ ही दोन नावं या छंदात सगळ्यांच्या तोंडी असतात. सीरिज ७ घेताना एक खबरदारी घ्या. तिच्यात ‘मिनिएचर’ नावाचा आखूड केसांचा वेगळा प्रकार आहे. नाव आपल्या कामाचं वाटतं, पण आपल्याला हवा तो नेहमीचा लांब केसांचा. सिंथेटिक ब्रशचं टोक काही दिवसांत आकड्यासारखं वळतं, तरी मूळ थर लावायला, रंग कालवायला आणि धातूचे रंग लावायला सिंथेटिकच वापरा. चांगला ब्रश कालवण्यात झिजवू नका.

केस ज्या धातूच्या नळीत शिरतात तिला फेरूल म्हणतात. रंग तिथपर्यंत चढू देऊ नका. आत वाळलेला रंग केसांना मुळापासून फाकवतो आणि मग टोक जुळत नाही. काम चालू असताना दर काही मिनिटांनी ब्रश पाण्यात खळबळा. तळाशी दाबून फिरवू नका. काम संपल्यावर ब्रशच्या साबणाने धुऊन टोक बोटांनी जुळवा आणि आडवा वाळवा.

सावधान: टोक जुळवायला ब्रश तोंडात घालण्याची सवय अनेकांना असते. काही रंगद्रव्यं पोटात जाण्याजोगी नसतात. ओलसर टिश्यूवर ब्रश फिरवत ओढला तरी तेच टोक मिळतं.

## ५. रंग पातळ करणं आणि ब्रश भरणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आधी वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी पाटी, तयार करा. उथळ झाकणाचा डबा, त्यात सपाट स्पंज, त्यावर बेकिंगसाठी वापरतात तो पार्चमेंट कागद. मेणकागद चालत नाही, तो पाणी वर येऊ देत नाही. स्पंज पूर्ण भिजलेला हवा, पण कागदाच्या कडेने पाण्याची डबकी दिसता कामा नयेत. कोरड्या पॅलेटवर अॅक्रिलिक रंगाचा थेंब काही मिनिटांत घट्ट व्हायला लागतो. म्हणजे पहिला डोळा आणि दुसरा डोळा तुम्ही प्रत्यक्षात दोन वेगळ्या रंगांनी रंगवत असता. वेट पॅलेटवर तोच रंग तासन्‌तास सारखा राहतो.

बाटली नीट हलवा. रंगद्रव्य तळाशी बसलं असेल तर वर येतो तो चकचकीत, कमकुवत रंग, आणि मग कितीही पातळ केला तरी पसरत राहतो.

किती पातळ? प्रमाण आकड्यात सांगणारे बरेच आहेत, पण वायेहो कंपनीचा ड्रॉपर बाटलीतला रंग आणि सिटाडेल कंपनीचा डबीतला रंग यांची मुळातली जाडीच वेगळी. तेव्हा प्रमाणापेक्षा चाचणी पक्की ठेवा. ब्रश भरा आणि अंगठ्याच्या नखावर रेघ ओढा.

- मूळ थरासाठी: रेघ सलग, बऱ्यापैकी झाकणारी, ब्रशच्या खुणा न दाखवणारी.
- बारीक रेघेसाठी: टोक टेकताच रंग आपोआप उतरायला हवा, दाबावं लागता कामा नये, आणि रेघेच्या कडा जागच्या जागी राहायला हव्यात.
- ग्लेझसाठी (खालचा रंग दिसू देणारा अगदी पातळ थर): नखाचा रंग आरपार दिसावा, एका फटक्याने जेमतेम छटा बदलावी.

रेघ तुटत असेल तर थोडं पाणी वाढवा. कडा पसरत असतील तर बहुधा पाणी जास्त झालेलं नसून ब्रशवर रंग जास्त असतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत हीच सगळ्यात मोठी चूक. पातळपणा पॅलेटवर ठरतो. ब्रशवर किती रंग राहील हे टिश्यूवर ठरतं. रंग पसरला म्हणून लोक तो घट्ट करतात, मग रेघ तुटते, मग पुन्हा पाणी घालतात, आणि या फेऱ्यात संध्याकाळ जाते.

ब्रश भरायची पद्धत अशी. केसांच्या निम्म्या लांबीपर्यंतच रंगात बुडवा. पॅलेटवर ब्रश आडवा ओढताना बोटांत हळूच फिरवा, म्हणजे टोक जुळतं. मग ब्रशचं पोट टिश्यूला एकदाच टेकवा, लगेच उचला. आता नखावर एक रेघ, आणि त्यानंतरच मूर्तीवर. हे चारही टप्पे प्रत्येक वेळी करायचे, डोळ्याच्या बाहुलीसाठी सुद्धा. सवय झाली की यात काही सेकंदच जातात.

फ्लो इम्प्रूव्हर पाण्यात अगदी थोडा घातला तर रंग टोकावरून सहज सुटतो. जास्त झाला तर तो खाचांत पळतो आणि पकड सैल होते. ग्लेझसाठी नुसतं पाणी वाढवत नेऊ नका, मॅट मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेलं रंगाचं माध्यम, मिसळा. फार पाण्यात रंग धरून ठेवणारं माध्यम विरळ होतं आणि वाळताना कडेला वर्तुळाकार डाग उरतो.

तपासणी: टोकावर वाळलेल्या रंगाचा कण दिसतो का? दिसला तर ब्रश धुवा. त्या कणासह मारलेली प्रत्येक रेघ फाटते.

## ६. मूळ थर आणि सावली

आतून बाहेर हा क्रम पाळा: आधी त्वचा, मग अंगालगतचे कपडे, मग चिलखत, मग पट्टे आणि पिशव्या, शेवटी हत्यारं. खोलातल्या भागावर काम करताना बाहेरच्या भागाला रंग लागणारच, म्हणून बाहेरचा भाग नंतर. ड्रायब्रशने (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासून) करायचं सगळं, म्हणजे साखळीचं चिलखत, फरची कातडी, पायाखालचे दगड, हे आसपासचं बारीक काम सुरू होण्याआधी उरका. ड्रायब्रश कधीच आपल्या हद्दीत राहत नाही.

एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर. पहिला थर डागाळलेला दिसला तरी घाबरू नका, दुसऱ्याने तो एकसारखा होतो. पिवळा आणि लाल हे रंग अनेकदा इतके पारदर्शक असतात की काळ्यावर ते चार थरांतही उठत नाहीत. पिवळ्याखाली आधी मातकट पिवळा किंवा हस्तिदंती, लालाखाली गुलाबीसर तपकिरी थर द्या.

सावलीचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, सगळीकडे ओतू नका. सपाट भागावर तो वाळताना डाग सोडतो आणि मग तीच जागा पुन्हा रंगवावी लागते. टोकदार ब्रशने फक्त खाचांत सोडा, आणि कुठे डबकं साठलं तर ओलसर ब्रशने टिपून घ्या. मग अर्धा तास मूर्ती बाजूला ठेवा. वॉश वरून कोरडा दिसतो तेव्हाही खाचेत ओला असतो, आणि त्यावर ब्रश फिरला की रंग उखडतो.

## ७. थर चढवणं आणि कडा उजळणं

ब्रश जिथून उचलता तिथे रंगद्रव्य सगळ्यात जास्त साठतं. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर निम्मं काम सोपं होतं. उजळ रंग लावताना फटका सावलीकडून प्रकाशाकडे ओढा आणि प्रकाशाच्या टोकाला उचला. सावली गडद करणारा ग्लेझ लावताना नेमकं उलट करा. दोन थरांमधली पायरी फार दिसत असेल, तर दोघांच्या मधल्या छटेचा ग्लेझ त्या सीमेवर एकदा-दोनदा फिरवा, प्रत्येक थर पूर्ण वाळवून.

उजळ छटा करायला दरवेळी शुभ्र पांढरा मिसळू नका, रंग खडूसारखा फिका पडतो. लाल उजळताना नारिंगी किंवा त्वचेचा रंग, हिरवा उजळताना पिवळसर, काळा उजळताना निळसर करडा. पांढरा शेवटच्या ठिपक्यांसाठी राखून ठेवा.

कडा उजळताना ब्रशचं टोक वापरण्याची चूक फार जण करतात. कडेवर टोक टिकत नाही, घसरतं. ब्रश आडवा धरा आणि केसांची बाजू कडेला काटकोनात टेकवून सरकवत न्या. कड उंचावलेली असल्यामुळे रंग आपोआप तिच्यावरच बसतो. यासाठी रंग थरापेक्षा किंचित घट्ट हवा आणि ब्रश जवळजवळ रिकामा. पहिली फेरी मधल्या छटेने पूर्ण कडेवर, दुसरी त्याहून उजळ छटेने फक्त वरच्या कडांवर, तिसरी फक्त कोपऱ्यांवर ठिपक्यांनी. खालच्या कडांवरही सगळ्यात उजळ रंग मारला तर मूर्ती चौकटी आखल्यासारखी दिसते.

रेघ जाड झाली तर पुसत बसू नका. वाळू द्या आणि मूळ रंगाने खालच्या बाजूने कापून घ्या.

## ८. चेहरा आणि डोळे

डोळे आधी की त्वचा आधी, यावर दोन पक्ष आहेत. माझं मत ठाम आहे: त्वचेचा फक्त मूळ थर आणि वॉश झाला की लगेच डोळे करा. पूर्ण झालेल्या चेहऱ्यावर डोळा चुकला तर पाच छटांचं काम दुरुस्त करावं लागतं. आधी केला तर चूक एका रंगाने झाकली जाते, आणि पुढे त्वचेचे थर चढवताना डोळ्याचा आकारही सुधारत जातो.

मोजमाप डोक्यात असू द्या. माणसाच्या डोळ्याचा दिसणारा भाग साधारण ३ सेंटिमीटर रुंद असतो. २८ मिलिमीटरच्या मूर्तीवर तो अर्धा मिलिमीटर भरतो. मूर्तींची डोकी मुद्दाम मोठी घडवलेली असतात म्हणून त्याहून थोडा जास्त मिळतो, एवढंच. इतक्या जागेत बुबुळ, बाहुली आणि चमक असं सगळं घालायला जाऊ नका. गडद, फिकट, गडद एवढं बसलं की डोळा दिसतो.

क्रम असा:

१. खोबणीचा पूर्ण डोळा गडद तपकिरीने भरा. काळ्याने नको, तो फार कडक दिसतो. रंग खोबणीबाहेर थोडा गेला तरी चालेल.

२. हस्तिदंती किंवा फिकट करड्या रंगाने मध्ये आडवी, बदामी आकाराची रेघ द्या. सगळीकडून तपकिरी कडा उरली पाहिजे, विशेषतः वरून, कारण तीच पापणीची रेघ होते. शुभ्र पांढरा वापरलात तर मूर्ती घाबरल्यासारखी दिसेल.

३. बाहुलीसाठी ठिपका देऊ नका. वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ ओढा. ठिपका मध्ये तरंगत राहिला आणि भोवती सगळीकडून पांढरं दिसलं की डोळे वटारलेले वाटतात. रेघ दोन्ही पापण्यांना टेकते, म्हणून नजर शांत दिसते.

४. उजवा-डावा असा हिशेब न करता, तुम्हाला अवघड जाणारा डोळा आधी करा. मग सोपा डोळा त्याच्या नजरेशी जुळवून घ्या. मूर्ती किंचित बाजूला बघतेय असं दाखवलं तर दोन्ही बाहुल्या जुळवणं सोपं जातं. नाकाच्या सरळ रेषेत बघणारी नजर सगळ्यात अवघड.

५. आता त्वचेच्या रंगाने वरची आणि खालची बाजू कापून घ्या. डोळ्याचा आकार खरा इथे घडतो. खालची पापणी त्वचेच्या उजळ छटेच्या एका बारीक रेघेने उचला.

त्यानंतर नाकाचा शेंडा, गालाची हाडं, भुवयांचा उंचवटा आणि हनुवटी उजळा. खालचा ओठ त्वचेत थोडा लाल मिसळून रंगवा, वरचा ओठ त्याहून गडद.

तपासणी: मूर्ती हातभर लांब धरून बघा, मग आरशात बघा. तिरळेपणा भिंगातून कळत नाही, आरशात लगेच कळतो.

आणि एक सल्ला. खेळासाठी पन्नास शिपायांची तुकडी रंगवत असाल तर त्यांचे डोळे रंगवू नका. खोबणीत गडद वॉश आणि भुवईवर उजळ छटा एवढं केलं की टेबलावरच्या अंतरावरून तेच जास्त खरं दिसतं. वेळ सेनापतीसाठी राखा.

## ९. रत्नं, अक्षरं, नक्षी

रत्नाचा नियम चेहऱ्याच्या उलट आहे. वरचा भाग गडद आणि खालचा कोपरा उजळ, कारण प्रकाश वरून आत शिरतो आणि खालच्या बाजूला साठतो. पूर्ण रत्न गडद रंगाने भरा, खालच्या कोपऱ्याकडे दोन-तीन टप्प्यांत उजळत न्या, आणि वरच्या गडद कोपऱ्यात पांढऱ्याचा एक ठिपका द्या.

हाताने काढायच्या नक्षीसाठी आधी कागदावर त्याच आकारात, त्याच ब्रशने दोन-चार वेळा काढून बघा. मोठं काढून मग लहान कल्पना करण्यात अर्थ नाही. पाठीवरचा झगा किंवा ढाल असेल तर तिच्यावरचं उजेड-सावलीचं काम आधी पूर्ण करा. नक्षी नंतर येते आणि तिलाही तीच उजेड-सावली द्यावी लागते, नाहीतर ती कापडावर चिकटवलेली वाटते.

आता आराखडा. पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम वेगळ्या दिसणाऱ्या पातळ रंगाने नक्षीचा मध्य आणि दोन टोकं यांच्या जागी ठिपके द्या. ठिपके जोडा. जागा पटली की मगच खरा रंग. गोलाई एका झटक्यात काढू नका, छोट्या सरळ तुकड्यांनी जोडत न्या आणि मग कोन घासून गोल करा. रेघ जाड आली तरी चालेल, पार्श्वभूमीच्या रंगाने आतून आणि बाहेरून कापा. म्हणूनच पार्श्वभूमीचा कालवलेला रंग वेट पॅलेटवर शेवटपर्यंत जपून ठेवा. तोच नेमका संपतो आणि मग तशी छटा पुन्हा जुळत नाही.

अक्षरं लिहायची तर मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे जा. डावीकडून सुरुवात केली की शेवटच्या अक्षराला जागा उरत नाही. पुस्तकावरच्या किंवा गुंडाळीवरच्या मजकुराला खरी अक्षरं लागतच नाहीत. तुटक आडव्या रेघा, अधूनमधून एखादं उंच टोक, एवढ्याने मजकूर वाटतो. अशा लांब बारीक रेघांसाठी रंगात थोडी अॅक्रिलिक शाई मिसळली तर तो ब्रशवरून जास्त वेळ सलग उतरतो.

## १०. धातूचे रंग, साफसफाई, वार्निश

धातूच्या रंगांना वेगळं पाणी आणि वेगळा ब्रश ठेवा. त्यातले चमकदार कण एकदा पाण्यात गेले की पुढच्या प्रत्येक रंगात, अगदी चेहऱ्यावरही, चकाकतात.

सगळं झाल्यावर दोन वेगळ्या वस्तू जिथे भेटतात, म्हणजे पट्टा आणि अंगरखा, हातमोजा आणि मूठ, तिथे पातळ गडद तपकिरीची रेघ सोडा. प्रत्येक वस्तू सुटी दिसायला लागते आणि लहानसहान ओघळही त्याखाली लपतात. मी हे काम कधीच टाळत नाही.

छापील डिकल (पाण्यात भिजवून लावायचं पातळ चित्र) लावायचं असेल तर त्या जागेवर आधी ग्लॉस, म्हणजे चकचकीत, वार्निश द्या, नाहीतर पारदर्शक कडेखाली हवा अडकून चंदेरी झाक दिसते. डिकल बसवायची दोन द्रावणं मिळतात: खाली मायक्रो सेट, त्यावर डिकल, वरून ते मऊ करणारं मायक्रो सोल. मायक्रो सोल लावल्यावर डिकल सुरकुततं. त्याला हात लावू नका, वाळताना ते आपोआप बसतं.

पूर्ण मूर्ती निदान एक दिवस वाळू द्या, मग पातळ ग्लॉसचा थर, तो वाळला की मॅट. ग्लॉस टिकाऊपणा देतो, मॅट चकाकी घालवतो. दमट हवेत मॅट फवारा मारला तर मूर्तीवर पांढुरकी धूसर झाक येते. तसं झालंच तर घासू नका, वरून पुन्हा ग्लॉसचा थर दिला की ती बहुतेक वेळा जाते.

मॅट पूर्ण वाळल्यावर ब्रशने ग्लॉस वार्निशचा एकेक ठिपका रत्नांवर, डोळ्यांवर आणि ओल्या दिसायला हव्यात अशा जागांवर द्या. हे काम फवाऱ्याआधी केलं तर मॅट ते झाकून टाकतं आणि पुन्हा करावं लागतं.